घरावर सौरसंच, शेतघरावर पवनचक्की: बसवण्याआधी काय मोजावे आणि बसवताना काय तपासावे

सौरसंच बसवायला निघालेली बहुतेक कुटुंबे चौकशीची सुरुवात पॅनेलच्या कंपनीपासून करतात, आणि विक्रेताही साहजिकच तिथूनच बोलायला लागतो. वास्तविक आज बाजारात मिळणाऱ्या नामांकित पॅनेलांमध्ये घरगुती ग्राहकाला जाणवेल असा फरक फार थोडा असतो. संच पंचवीस वर्षे नीट चालणार की तिसऱ्याच पावसाळ्यात कुरबुर सुरू होणार, हे ठरते ते गच्चीवरची सावली, सांगाड्याची मजबुती, तारांचे जोड आणि अर्थिंग यांवरून. म्हणून पुढील माहितीचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. ती प्रामुख्याने महाराष्ट्रातील स्वतंत्र घरे, बंगले आणि शेतघरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

आधी बिल वाचा

संच किती किलोवॉटचा घ्यायचा, याचे उत्तर छपराच्या मापात नसून वीजबिलात असते. मागील बारा महिन्यांचे वापरलेले युनिट बिलांवरून उतरवून घ्यावेत आणि त्यांची मासिक सरासरी काढावी. केवळ मे महिन्याचे बिल पाहून हिशेब करणे चुकीचे ठरते, कारण कूलर आणि वातानुकूलन यंत्राचा तो फुगवटा वर्षभर नसतो. महाराष्ट्रात नीट बसवलेला एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट देतो. मार्च ते मे या काळात हा आकडा वर जातो आणि कोकणात व घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तो निम्म्यावरही येऊ शकतो.

यानंतरचा हिशेब विक्रेते सहसा मांडून दाखवत नाहीत. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. सौरवीज वजा झाल्यावर उरलेल्या निव्वळ युनिटांवर हे टप्पे लागतात, त्यामुळे सर्वांत महाग युनिट सर्वांत आधी कमी होतात. समजा, एखाद्या घराचा वापर महिन्याला ४५० युनिट आहे आणि ३ किलोवॉटचा संच ३६० युनिट देतो. उरलेले ९० युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात. अशा घराने बिल शून्य करण्याच्या हौसेने चौथा किलोवॉट घेतला, तर त्याची वीज फक्त हे स्वस्त युनिट वाचवते आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो. शिवाय तीन किलोवॉटच्या पुढे केंद्राचे अनुदानही वाढत नाही. लवकरच विजेवरची गाडी किंवा इंडक्शनची शेगडी घरात येणार असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा तीनवर थांबणेच शहाणपणाचे. ज्यांचा वापर मुळातच १०० युनिटांच्या आत आहे, त्यांनी तर पैसे वसूल व्हायला किती वर्षे लागतील हे कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. त्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. गृहनिर्माण संस्थांना जिना, पाण्याचा पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर कोणी व्यवहार करू पाहत असेल तर ते परत करावे.

सावलीचा नकाशा

एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा धरतात. जागा आहे म्हणजे ऊनही आहे, असे मात्र नव्हे. पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, आणि त्यातला एखादा सावलीत गेला की त्याच्या मागच्या-पुढच्यांचा प्रवाहही अडतो. सावलीतल्या सेलांना वळसा घालून प्रवाह पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे नुकसान पॅनेलच्या एखाद्या भागापुरते राखता येते, पण ते टळत नाही. डिश अँटेनाचा बारीकसा दांडादेखील त्यामुळे अपेक्षेपेक्षा जास्त वीज खातो.

सावली पाहण्याचा योग्य काळ म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध, कारण तेव्हा सूर्य सर्वांत दक्षिणेला आणि सर्वांत खाली असतो. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास तो अवघा २९ अंशांवर असल्याने एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ पावणेदोन मीटर पसरते. यावर सोपा उपाय असा: सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन गच्चीवर जावे आणि सकाळी साडेनऊला, दुपारी साडेबाराला व साडेतीनला पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा, शेजारचे माड या सर्वांच्या सावल्यांच्या कडा फरशीवर आखाव्यात. तिन्ही वेळी खडूच्या रेघेबाहेर राहणारी जागा ती खरी आपली जागा. डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल तर भ्रमणध्वनीवरील सूर्यमार्ग दाखवणारी अ‍ॅप बऱ्यापैकी काम देतात.

पॅनेलांचे तोंड दक्षिणेला आणि कल त्या गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे कोल्हापूरला सुमारे १७ अंश आणि नागपूरला सुमारे २१ अंश, हा सर्वसाधारण नियम आहे. दोन-चार अंशांचा फरक पडल्याने काही बिघडत नाही. १० अंशांपेक्षा कमी कल मात्र देऊ नये, कारण पावसाचे पाणी वाहून जात नाही आणि खालच्या चौकटीपाशी धुळीचा पट्टा साचत जातो. घराचे छप्पर पूर्व-पश्चिम उतरते असेल तर दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पॅनेले लावावीत. उत्पादन थोडे घटते, पण ते सकाळ-संध्याकाळ पसरून मिळते. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे उत्तरेकडची उंच भिंत सर्वस्वी निरुपद्रवी आहे असेही समजू नये.

सांगाडा

पॅनेलांच्या वजनाची काळजी बहुतेक घरमालक करतात, ती अनाठायी आहे. सुमारे अडीच चौरस मीटरचे, ५४० वॉटचे एक पॅनेल साधारण २८ किलोचे असते आणि चांगल्या स्लॅबला त्याचे ओझे वाटत नाही. भीती खरी आहे ती वाऱ्याच्या उचलीची. ताशी १५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. म्हणजे त्या एकाच पॅनेलवर अडीचशे किलोंच्या आसपास जोर येऊ शकतो, आणि वारा खालून शिरला तर तो जोर वरच्या दिशेने असतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा पत्रे कसे उडाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दरपत्रकात म्हणूनच केवळ ‘जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) सांगाडा’ एवढेच लिहून घेऊ नये. सांगाडा गरम जस्ताच्या टाकीत बुडवून काढलेला असावा, जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा असावा, आरेखन किती वेगाच्या वाऱ्यासाठी आहे ते नमूद असावे आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. गच्चीवर वेल्डिंग करून त्यावर चंदेरी रंग मारून दिलेला सांगाडा तिथल्या तिथे नाकारावा. वेल्डिंगच्या ठिकाणी जस्त जळून गेलेले असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. समुद्रकाठच्या गावांत तर तो दोन-तीन पावसाळ्यांतच डोके वर काढतो.

गच्चीला भोके पाडायची की नाही, हा वादाचा विषय आहे. वॉटरप्रूफिंग नुकतेच केलेले असेल, तर वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांत खांब रोवून ते ठोकळे गच्चीवर ठेवता येतात, पण ठोकळ्यांचे वजन वाऱ्याच्या हिशेबाने काढलेले असले पाहिजे. भोके पाडायचीच असतील तर रासायनिक अँकर वापरावेत आणि प्रत्येक खांबाच्या पायाशी उतरता काँक्रीटचा गोळा घालून घ्यावा. काम संपल्यावर पैसे देण्यापूर्वी त्या जागी दिवसभर पाणी साठवून खालच्या खोलीचे छत पाहावे. पॅनेल सात-आठ फूट उचलून खाली मांडवासारखी जागा ठेवण्याची सध्या हौस आहे आणि तिचा उपयोगही आहे, परंतु उंची वाढली की वाऱ्याचा जोरही वाढतो. तेव्हा खांबांची जाडी आणि तिरके ताण त्या मानाने वाढवलेले असावेत, तसेच बांधकाम म्हणून पालिकेची परवानगी लागते का हेही आधी विचारून घ्यावे.

मंगलोरी कौलांच्या घरात पॅनेलांचा भार कौलांवर अजिबात येता कामा नये. कौल बाजूला करून थेट वाशाला पोलादी आकडा बसवायचा, तो दोन कौलांच्या सांध्यातून वर काढायचा आणि त्यावर पट्ट्या जोडायच्या, अशी ती पद्धत आहे. वासे जुने असतील तर आधी सुतार बोलावून ते ठोकून पाहावेत. वाळवीने पोकळ झालेला वासा आवाजावरूनच कळतो.

तारा, जोड आणि अर्थिंग

पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर म्हणतात. पॅनेलांकडून इन्व्हर्टरकडे येणारी वीज एकदिश (डीसी) असते, आणि सहा पॅनेले एका माळेत जोडली की तिचा दाब ३०० व्होल्टच्या घरात जातो. घरातल्या नेहमीच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिची ठिणगी बहुधा आपोआप विझते. एकदिश विजेची ठिणगी एकदा पेटली की जळतच राहते. छपरावरच्या सौरसंचाला आग लागते तेव्हा तिचे मूळ बहुतेक वेळा ढिल्या जोडात सापडते. त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात, ‘बसतो ना, मग झाले’ यावर समाधान मानू नये. तारेचे टोक पकडीने दाबून बसवताना त्यासाठीची खास पकडच वापरलेली असावी. वायरमनसमोर प्रत्येक जोड हाताने जोर लावून ओढून पाहावा. नीट दाबलेली तार हलत नाही, आणि वाईट काम असेल तर ती निघून हातात येते. तारा सांगाड्याला बांधलेल्या असाव्यात, छपरावर लोळत पडलेल्या नसाव्यात. बांधण्यासाठी उन्हात टिकणारे काळे पट्टे वापरावेत, पांढरे पट्टे वर्षभरात तुटतात.

इन्व्हर्टर सावलीत आणि हवेशीर भिंतीवर असावा. जिन्याखालच्या बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या उन्हात तो ठेवला तर तापून आपले उत्पादन स्वतःच कमी करतो. पॅनेलांनाही उष्णता मानवत नाही. सेलचे तापमान २५ अंशांच्या वर जाऊ लागले की दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते, आणि विदर्भात मेच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात. कडक उन्हातही ३ किलोवॉटचा संच पूर्ण ३ किलोवॉट का दाखवत नाही, या तक्रारीचे मोठे कारण हेच असते. पॅनेलांच्या खाली हवा खेळती ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

अर्थिंगचे खड्डे तीन आणि वेगवेगळे हवेत: एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा, एक पॅनेल व सांगाड्याचा, एक इन्व्हर्टर व घराकडील बाजूचा. खर्च वाचवण्यासाठी तिन्ही एकत्र जोडण्याचा प्रघात आहे. तसे केल्यास छपरावर पडलेली वीज उतरण्याच्या वाटेवर इन्व्हर्टरला भेटून जाते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मातीच्या थराखाली लगेच काळा पाषाण लागतो आणि तिथे अर्थिंगचा रोध कमी होणे अवघड जाते. अशा ठिकाणी रासायनिक अर्थिंग घ्यावे, गरज पडल्यास दोन खड्डे जोडावेत आणि मीटर लावून ५ ओहमपेक्षा कमी रोध दाखवायला सांगावे. हे मोजमाप उन्हाळ्यात घेतलेले असेल तर अधिक विश्वासार्ह, कारण पावसाळ्यात ओल्या मातीमुळे कोणताही खड्डा चांगलाच दिसतो.

अर्ज आणि नेट मीटर

योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, यादीतील नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, काम झाल्यावर छायाचित्रे व पॅनेलांचे क्रमांक चढवायचे, मग वीज कंपनी तपासणी करून नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, बसवते आणि त्यानंतर अनुदान थेट बँक खात्यात येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट राहिलेली नाही. बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळत नसेल, वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर ते आधी बदलून घ्यावे. अर्ज अडकण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

करारात पाच वर्षांची देखभाल लेखी असावी आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच द्यावा. दिवसा जास्तीची वीज कंपनीच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते आणि तिचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. आर्थिक वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव मात्र आपण देतो त्या दराच्या जवळपासही नसतो. गरजेपेक्षा मोठा संच न घेण्याचे हे आणखी एक कारण.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ही व्यवस्था आहे आणि ती कोणी ‘जुगाड’ करून काढून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. भारनियमनाचा त्रास असलेल्या गावी हायब्रिड इन्व्हर्टर (जाळे आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते. खर्च बराच वाढतो, म्हणून बॅटरीवर फक्त दिवे, पंखे, फ्रिज आणि राउटर ठेवणे परवडते.

पॅनेलांची धूळ सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरले तर काच रबरी पट्टीने लगेच निपटून घ्यावी, नाहीतर पांढरा थर बसतो आणि तो सहजी निघत नाही.

छोटी पवनचक्की कोणासाठी

सौरसंचासोबत गच्चीवर छोटी पवनचक्की लावून द्यायला तयार असणारे लोक भेटतात. शहरात किंवा गावठाणात राहणाऱ्यांनी त्यांना नम्रपणे नकार द्यावा. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. दोन मीटर व्यासाच्या चक्कीचे उदाहरण घेऊ. सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात ती २५० ते ३०० वॉट देईल, ४ मीटरच्या वाऱ्यात अवघे ३०-३५ वॉट, आणि ३ मीटरच्या खाली बहुतेक चक्क्या फिरूनही काही देत नाहीत. इमारतींच्या गर्दीत गच्चीवरचा सरासरी वेग दोन-तीन मीटरच्या वर क्वचितच जातो, शिवाय तो वारा भोवऱ्यांचा असतो आणि चक्कीची थरथर स्लॅबमधून झोपायच्या खोलीपर्यंत उतरते. माहितीपत्रकावर छापलेली ‘१ किलोवॉट’ क्षमता सेकंदाला ११-१२ मीटर वेगाच्या वाऱ्याची असते, हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले सापडेल.

साताऱ्याकडचे चाळकेवाडी-ठोसेघर आणि वनकुसवड्याचे पठार, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील ब्राह्मणवेल, अहिल्यानगरमधील कवड्या डोंगर या भागांत मोठ्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. अशा पठारावर उघड्या माळावर शेतघर असेल, तर छोट्या चक्कीचा विचार जरूर करावा. तिथला वारा जून ते ऑगस्टमध्ये सर्वांत जोराचा असतो, नेमका ढगांमुळे सौरउत्पादन घसरते तेव्हा. वर्षभराच्या हिशेबात चक्की सौरपॅनेलांपेक्षा महागच पडते. सरासरी ५ मीटर वेगाच्या जागी दोन मीटर व्यासाची चक्की दिवसाला सुमारे २ युनिट देईल आणि तेवढी वीज अर्ध्या किलोवॉटच्या पॅनेलांतूनही मिळते. तिचे खरे मोल पावसाळी आठवड्यांत बॅटरी जिवंत ठेवण्यात आहे, म्हणून ज्या घराला वीजजोडणीच नाही तिथेच ती शोभते.

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे दिशा दाखवतात, पण ते ५० मीटर आणि त्याहून अधिक उंचीवरच्या वाऱ्याचे असतात. आपला मनोरा १५-१८ मीटरचा. त्यामुळे त्या उंचीवर वेगमापक बांधून किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा नोंदी घ्याव्यात. दीडशे मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच झाडापेक्षा वा घरापेक्षा पात्यांची खालची कड निदान ९ मीटर वर असावी. मनोऱ्याची उंची १० वरून १८ मीटर केल्याने उघड्या माळावर वेग साधारण १२ टक्क्यांनी आणि शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, म्हणून पैसे मोठ्या चक्कीपेक्षा उंच मनोऱ्यावर घालावेत.

मनोरा तारांनी ताणलेला आणि बिजागरीवर आडवा पाडता येणारा असावा. तो घराच्या भिंतीला बांधू नये, आणि पडलाच तर माणसांवर, गोठ्यावर किंवा वीजवाहिनीवर पडणार नाही इतका दूर ठेवावा. ताणतारांचे खुंटे पाषाणात भोक पाडून सिमेंटने पक्के केलेले असावेत, कारण मुरमात रोवलेला खुंटा पावसात सैल होतो. फिरत्या चक्कीची तार बॅटरीपासून कधीही सोडवू नये. भार नाहीसा झाला की पाती बेफाम फिरतात आणि तुटून फेकली जातात. बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज जिरवण्यासाठी नियंत्रकाला तापकाचा भार जोडलेला असावा, आणि चक्की थांबवण्याची कळ तळाशी हाताला येईल अशी असावी.

दरवर्षी वैशाखात, वारा पडलेला असताना सकाळच्या वेळी, मनोरा आडवा घालून पात्यांच्या कडा, शेपटीची बिजागरी, बेअरिंग आणि प्रत्येक ताणतारेच्या चिमट्याचे बोल्ट तपासावेत. या कामाला चार माणसे आणि एक भक्कम चेनकप्पी लागते, तेव्हा चक्कीची ऑर्डर देण्यापूर्वीच ती माणसे कोण असतील हे ठरवून ठेवावे.